नाश्ता, न्याहारी, फराळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नपत्रिका, कार्यक्रमपत्रिका, हॉटेलांची मेनूकार्डं यांचं मुद्रितशोधन हे माझं रोजचं काम. प्रुफं न्यायला आलेला माणूस खुर्चीत टेकला की पाच मिनिटांत एखादा तरी शब्द वादाला निघतो, आणि निम्म्या वेळा तो शब्द खाण्याचाच असतो. ‘नाश्ता नको, शुद्ध मराठी टाका.’ ‘अल्पोपहार बरोबर आहे ना?’ ‘फराळ लिहिलं तर लोक साबुदाणा समजतील का?’ तीच उत्तरं तोंडी देऊन कंटाळलो, म्हणून इथे एकदाची लिहून ठेवतो.

‘नाश्ता’ हा शब्द हिंदीतून आला का?

हिंदीतला तो आहेच, पण हिंदीचाही नव्हे. शब्द फार्सी आहे. १२९६ साली खिलजीची स्वारी देवगिरीवर आली, १३४७ मध्ये बहमनी राज्य उभं राहिलं, आणि पुढची काही शतकं दख्खनच्या दरबारी कागदांची भाषा फार्सी होती. त्या काळात मराठीत जे शेकडो शब्द मुरले, त्यांच्याच गोतावळ्यातला हा. आज शहरी मराठीत तो इतका पसरलाय त्याला हिंदीचा हातभार नक्की आहे. पण ‘हिंदीचं आक्रमण’ म्हणून त्यालाच धरून मारण्यात अर्थ नाही.

गंमत त्याच्या अर्थात आहे. फार्सीत ‘नाश्ता’ म्हणजे सकाळपासून काही न खाल्लेला. उपाशी. आपण मराठीत ‘अनशापोटी’ म्हणतो ना, ‘ही गोळी अनशापोटी घ्या’, अगदी तसं. योगायोग एवढ्यावर थांबत नाही. अनशापोटीतल्या ‘अनशा’त संस्कृतचा अश् हा धातू आहे. अश् म्हणजे खाणे. अशन, अनशन, अन्नप्राशन यांतही तोच. आणि फार्सी ‘नाश्ता’तल्या ‘ना’पुढच्या तुकड्याचं नातंही कोशकार याच अश् धातूशी जोडतात. म्हणजे नाश्ता आणि अनशन ही लांबची भावंडं. एक वाट पाहतं प्लेटमध्ये, दुसरं मंडप टाकून बसतं.

मग पत्रिकेत ‘न्याहारी’ टाकू. ती तरी अस्सल मराठी असेल?

हा प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा उत्तर ऐकल्यावर पडतो, म्हणून मी हल्ली आधी चहा मागवतो. न्याहारीसुद्धा फार्सीच.

फार्सीत ‘नाहार’ किंवा ‘नहार’ म्हणजे (आता हसू नका) उपाशी, सकाळपासून न खाल्लेला. आणि ‘नहारी’ म्हणजे त्या रिकाम्या पोटात पहिल्यांदा जे जातं ते, थोडंसं खाणं. तीच आपल्याकडे येऊन न्याहारी झाली. ‘आहार’ त्यात दिसतो म्हणून लोक ‘नि + आहारी’ अशी फोड करून दाखवतात. कुणी ‘निराहार’शी जोडतात. हे दुसरे लोक व्युत्पत्ती चुकतात, पण अर्थ मात्र त्यांनी नकळत बरोबर पकडलेला असतो, कारण नाहारचा मूळ अर्थ निराहार हाच आहे.

काही जण ‘नहार’ म्हणजे अरबीत दिवस, म्हणून नहारी म्हणजे दिवसाचं पहिलं खाणं, असं सांगतात. मला ते पटत नाही. उर्दूत आणि हिंदीत आजही ‘नहार मुँह’ हा वाक्प्रचार रोज वापरतात. ‘नहार मुँह गरम पानी पिओ’ म्हणजे अनशापोटी गरम पाणी प्या. तिथे ‘दिवस’ बसवून बघा, वाक्य लंगडतं.

तेव्हा नाश्ता परका आणि न्याहारी आपली, हा जो वाद गेली कित्येक वर्षं आपण घालतोय, तो दोन सख्ख्या शेजाऱ्यांतला आहे. दोघं एकाच गावाहून आले. एक आधी आला, शेतात राबला, धोतर नेसला, म्हणून आपल्याला घरचा वाटतो. दुसरा आता पँट घालून हॉटेलात बसतो, एवढाच फरक.

पण ‘उपाशी’ या अर्थाचा शब्द ‘खाणं’ या अर्थाला कसा लागला? हे उलटं नाही का झालं?

उलटं वाटतं, पण आपण स्वतः रोज हेच करतो. एकादशीच्या दिवशी स्वयंपाकघरात डोकावून कुणीतरी विचारतं, ‘आज उपासाला काय केलंय?’ उपास म्हणजे न खाणं. पण प्रश्न आहे तो थालीपीठ की खिचडी असा. ‘उपासाचं’ असा पदार्थांचा एक वर्गच आपण तयार केलाय. शब्द न खाण्याचा, जिन्नस खाण्याचे.

फार्सीत नाश्ता ‘मोडत’ असत, जसा आपण उपास सोडतो. मोडायची गोष्ट हळूहळू करायची गोष्ट झाली, आणि रिकाम्या पोटाचं नाव पोटात पडणाऱ्या घासाला चिकटलं. इंग्रजीतल्या ब्रेकफास्टमध्येही ‘फास्ट’ म्हणजे उपासच आहे. अरबीत सकाळच्या खाण्याला ‘फुतूर’ म्हणतात, आणि रमजानच्या संध्याकाळचा ‘इफ्तार’ त्याच धातूचा. सकाळच्या खाण्याला जगात ठिकठिकाणी लोकांनी नाव दिलं ते पदार्थावरून नाही. रात्रभर जो उपास घडला त्यावरून. विचार केला तर साहजिकच आहे. सकाळी उठल्यावर आधी जाणवते ती भूक. पोहे की उपमा, हे नंतर.

आज इराणमध्ये हे शब्द वापरतात का?

वापरतात, आणि तिथे गेलेल्या मराठी माणसाची पंचाईत व्हावी असे वापरतात. आजच्या इराणी फार्सीत ‘नाश्ता’चा अर्थ अजूनही अनशापोटी असाच आहे. रक्तातली साखर तपासायला प्रयोगशाळेत गेलात आणि ‘नाश्ता’ या म्हणाले, तर काही खाऊन जायचं नाही! आणि ‘नाहार’ म्हणजे तिकडे दुपारचं जेवण. सकाळच्या खाण्याला ते ‘सोब्हाने’ म्हणतात. ‘सोब्ह’ म्हणजे सकाळ, आपल्या ओळखीच्या ‘सुबह’चाच उच्चार.

म्हणजे तेहरानमध्ये न्याहारी मागितली तर दुपारी एक वाजता भात येईल, आणि नाश्ता मागितला तर काहीच येणार नाही.

सकाळचा शब्द दुपारी सरकणं हे काही इराणचंच नाही. फ्रेंचमधला ‘देज्युने’ हाही मुळात उपास मोडण्याचा शब्द. तो सरकत सरकत दुपारच्या जेवणावर गेला, आणि सकाळसाठी त्यांना ‘छोटा देज्युने’ असा नवा शब्द करावा लागला. कॅनडातल्या क्युबेकमध्ये मात्र तो अजून सकाळीच आहे. जेवणाच्या वेळा बदलतात, शब्द वेळेबरोबर ओढले जातात.

भेंडी बाजारात मिळते ती ‘निहारी’ आणि आपली ‘न्याहारी’ एकच का?

शब्द एकच, ताटं दोन. रात्रभर मंद आचेवर शिजवलेलं मांस, नळीतला मगज, वर आल्याचे काप आणि लिंबू. दिल्ली-लखनौकडे ती पहाटे खायची, म्हणून ‘नहारी’. मुंबईत नल्ली निहारी लोक रात्री अकराला खातात आणि कुणाला काही वाटत नाही. इकडे मराठीने वेळ जपली आणि पदार्थ मोकळा ठेवला. भाकरी असो की पेज, सकाळी खाल्ली की न्याहारी. उर्दूने पदार्थ जपला आणि वेळ सोडून दिली.

न्याहारी आणि नाश्ता यांत नेमका फरक काय? कधी कुठला वापरायचा?

कोशात बघितलं तर दोन्हीकडे ‘सकाळचं हलकं खाणं’ असंच सापडेल. पण बोलण्यात ते एक नाहीत, आणि हा फरक कोशापेक्षा बांधावर चांगला कळतो.

माझ्या लहानपणी सुट्टीत गावी गेलं की काका पहाटेच बैलं घेऊन शेतात गेलेले असत. जाताना फक्त चहा, फार तर चहात बुडवलेला शिळ्या भाकरीचा तुकडा. याला कुणी न्याहारी म्हणत नसे, ‘च्या घेतला’ एवढंच. ऊन बांधावर आलं की काकू डोक्यावर पाटी घेऊन निघायची. फडक्यात गुंडाळलेल्या भाकऱ्या, मातीच्या गाडग्यात कोरड्यास, वाटीत ठेचा आणि एक तांब्या ताक. काका औत सोडायचे, बैलांपुढे वैरण टाकायचे, हात धुऊन बाभळीखाली बसायचे, आणि कांदा दगडावर ठेवून बुक्कीने फोडायचे. सुरी नाही. सुरीने चिरलेला कांदा न्याहारीला लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. अडीच-तीन भाकऱ्या सहज जात. ही न्याहारी. ‘हलकं खाणं’ हा अर्थ तिला कुठून लावणार? चार तासांच्या कामानंतरचं ते भक्कम खाणं होतं. फक्त ‘जेवण’ हे नाव दुपारसाठी राखून ठेवलेलं होतं.

नाश्ता याच्या उलट. तो कामाच्या आधी, घाईत, डोळा घड्याळाकडे ठेवून होतो. आणि त्याला वेळेचं बंधन नाही. कार्यालयात दुपारी चारला बटाटेवडा आला तरी ‘नाश्ता आला’ असं म्हणतात. न्याहारी दुपारी चारला होत नाही. संध्याकाळची न्याहारी असं कुणाच्या तोंडून ऐकलंय?

कोकणात आणखी एक पदर आहे. तिथे सकाळी उशिरा उकड्या तांदळाची पेज असते, आणि ‘पेज झाली का?’ हाच न्याहारीचा प्रश्न असतो. पदार्थानेच वेळेचं नाव घेतलं. आंबोळ्या-घावन पाहुणे आले की.

पत्रिकेपुरता माझा सल्ला असा: गावच्या यात्रेची पत्रिका असेल, सकाळी लोक लांबून चालत येणार असतील, तर न्याहारी छापा. शब्दाला भाकरीचा वास येतो. कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘९.०० ते ९.३० न्याहारी’ असं वाचलं की मला मात्र ब्लेझर घातलेला माणूस बांधावर बसलेला दिसतो.

‘नाश्ता’ की ‘नाष्टा’?

लिहिताना नाश्ता. पण ‘नाष्टा सेंटर’ ही पाटी महाराष्ट्रातल्या प्रत्येक एसटी स्टँडबाहेर आहे आणि ती काढायला मी जाणार नाही. मराठी जिभेला कष्ट, नष्ट, स्पष्ट, गोष्ट यांची सवय. ‘श्त’ हा जोड आपल्याकडे जवळजवळ नाहीच. म्हणून जिभेने तो आपल्या साच्यात ओतला. भाषा शब्द पचवते तो असाच. ‘आमचं दुकान नाष्ट्याचंच चालतं, नाश्त्याचं चाललं नसतं,’ असं एका गाडीवाल्याने मला ऐकवलं होतं, आणि मी त्याच्या पाटीला हात लावला नाही.

सामान्यरूप: नाश्त्याला, नाश्त्यासाठी. ‘नाश्तासाठी’ नको. लिंग: नाश्ता केला, न्याहारी केली, फराळ केला.

या सगळ्याला संस्कृत शब्द नव्हता?

होता की. ‘प्रातराश’ म्हणजे प्रातःकाळचं अशन. पुन्हा तोच अश्. दुसरा ‘कल्यवर्त’. कल्य म्हणजे पहाट. त्यावरून हिंदीत ‘कलेवा’ झाला, आणि उत्तरेच्या खेड्यांत तो अजून ऐकू येतो. मराठीत यांतलं काही टिकलं नाही. प्रातराश आपण फार तर शाळेच्या संस्कृत पुस्तकात खाल्ला.

शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला तो राज्यकारभारातले फार्सी शब्द बदलण्यासाठी. दरबारातल्या शब्दांवर अशी नजर ठेवता येते, चुलीजवळच्या शब्दांवर येत नाही. आणि ज्या माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे माधव जूलियनांनी, १९२५ साली फार्शी-मराठी कोश काढला, तेच पुढे भाषाशुद्धीचे कडवे पुरस्कर्ते झाले. मला हे विसंगत वाटत नाही. कुठला शब्द कुठून आला हे ज्याला ठाऊक, त्याने वाद घालावा. बाकीच्यांनी न्याहारी करावी.

‘फराळ’ म्हणजे फलाहार ना?

हो, हा मात्र संस्कृतातून आलेला. फलाहार, मग फळाहार, मधला ‘हा’ बोलताना गळून ‘फळार’, आणि मग ळ आणि र यांनी जागा बदलल्या: फराळ. अक्षरांची अशी अदलाबदल बोलण्यात नेहमी होते. लहान मूल ‘चिखल’चं ‘चिलख’ करतं तेव्हा आपण हसतो. फराळाच्या बाबतीत साऱ्या मराठी मुलखाने तेच केलं आणि ते प्रमाण ठरलं.

पुरावा शेजारीच आहे. कोकणीत आजही ‘फळार’ म्हणतात, अदलाबदल न झालेला. बंगालीत ‘फलार’ म्हणजे चिवडे-दही, म्हणजे आपले दहीपोहे. तमिळमध्ये तोच शब्द ‘पलकारम्’ होऊन तळलेल्या गोडतिखट खाण्याला लागला. फळ मात्र ताटात मागे पडलं.

दिवाळीच्या फराळात एकही फळ नसतं. मग त्याला फराळ का म्हणायचं?

कारण ‘फराळ’चा अर्थ फळावरून सरकून ‘जे जेवण नाही ते’ असा झाला. उपासाला अन्न चालत नाही, आणि आपल्याकडे अन्न म्हणजे मुख्यतः शिजवलेलं धान्य: भात, भाकरी, पोळी. ते वगळून जे खाल्लं ते फराळ. आधी फळं, कंद, दूध. मग साबुदाणा, वरई. एकदा ‘जेवण नव्हे’ ही व्याख्या पक्की झाली की भाजून-तळून डब्यात भरलेली चकली, करंजी, चिवडा, लाडू आत यायला दार उघडंच होतं. डाळीच्या पिठाची शेव खाऊन कुणी ‘मी जेवलो’ म्हणत नाही. पाच घरी फराळ करून आलेला माणूससुद्धा सहाव्या घरी ‘जेवायला थांबतो’ असं म्हणू शकतो, यातच सगळं आलं.

आता उपासाच्या ताटाकडे जरा नीट बघा. बटाटा, रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची, आणि साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंद: ही पाचही पिकं मूळची अमेरिका खंडातली. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरण्याआधी इथल्या कुणी ती पाहिलेलीही नव्हती. आज मात्र गहू उपासाला चालत नाही आणि बटाटा चालतो. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण ज्याने केली त्याच्यापुढे साबुदाणावडा असणार, असं मला नेहमी वाटतं.

आणखी एक, दिवाळीच्या डब्यातलंच. शंकरपाळ्यांचा शंकराशी काही संबंध नाही. फार्सी ‘शकरपारा’, साखरेचा तुकडा. त्यातली ‘शकर’ ही मुळात संस्कृत ‘शर्करा’. इराणला जाऊन, नाव बदलून घरी परत आलेली.

फराळ लिहिलं तर लोक उपासाचं समजतील का?

‘चहा-फराळ’ लिहा, नाही समजणार. नुसतं ‘फराळाची सोय आहे’ असं एकादशीच्या कीर्तनाच्या पत्रिकेत असेल तर साबुदाणाच समजतील, आणि तेच बरोबर आहे. ‘फराळी मिसळ’, ‘फराळी चिवडा’ यांत ‘फराळी’ म्हणजे उपासाचीच. म्हणजे फराळ दोन्ही अर्थांचा, फराळी एकाच. असं का, ते मला विचारू नका.

‘अल्पोपहार’ बरोबर की ‘अल्पोपाहार’?

अल्पोपाहार. ‘पा’ला काना.

उपहार आणि उपाहार हे दोन वेगळे शब्द आहेत. उपहार म्हणजे भेट, नजराणा. उपाहार म्हणजे उप + आहार, मुख्य जेवणाच्या खालचं खाणं. तेव्हा ‘उपहारगृह’ म्हणजे भेटवस्तूंचं दुकान, आणि ‘अल्पोपहार’ म्हणजे छोटीशी भेट. कार्यक्रमानंतर दोन वेफर आणि अर्धा कप चहा मिळतो तेव्हा ‘छोटीशी भेट’ हाच अर्थ जास्त बरोबर वाटतो, ही गोष्ट वेगळी.

खरं तर ‘उपाहार’मध्येच थोडंसं खाणं आलं, त्याला वर ‘अल्प’ लावायची गरज नव्हती. पण यजमानाला विनय दाखवायचा असतो. शब्द रुळलाय, राहू द्या. मी फक्त काना घालतो. दर पाच पत्रिकांमागे एकजण तो काना खोडून परत पाठवतो, ‘प्रिंटिंग मिस्टेक’ असा शेरा मारून.

‘टिफिन’ तरी आपला का?

तो इंग्रजांनी इथे आणून वाढवला. १७८५ साली लंडनमध्ये रस्त्यावरच्या बोलीचा एक कोश निघाला. त्यात ‘टिफिंग’ म्हणजे जेवणाच्या वेळेबाहेर खाणं-पिणं असं दिलंय. मायदेशात तो शब्द विरला. इकडे उन्हाळ्यात भर दुपारी भरपेट जेवणं साहेबाला झेपेना, तेव्हा दुपारच्या हलक्या खाण्याला त्याने ‘टिफिन’ म्हटलं.

पुढे त्याच्या दोन वाटा झाल्या. दक्षिणेत टिफिन म्हणजे इडली, दोसा, उपमा. भाताला तिथे ‘मील्स’ म्हणतात, आणि हॉटेलबाहेरच्या पाट्या तेवढा भेद नीट पाळतात. मुंबईत मात्र शब्द खाण्यावरून भांड्यावर गेला. टिफिन म्हणजे डबा. ‘टिफिन आणलाय का?’ याचं उत्तर पोळीभाजी. शिवाय त्यात भरलेलं असतं पूर्ण जेवण, म्हणजे मुळातला हलकेपणाही गेला. ‘टिफिनचा डबा’ हा तर डब्याचा डबा.

खाऊ, चहापाणी, मधल्या वेळचं: हे कुठे बसतात?

खाऊ खाण्यापेक्षा आणण्यात आहे. बाहेरून येणाऱ्या मोठ्याने लहानाच्या हातावर ठेवला तरच तो खाऊ. तेच बिस्कीट आपण स्वतः डब्यातून काढून खाल्लं तर ते बिस्कीट.

चहापाणी जरा सांभाळून वापरा. घरी विचारलं तर पाहुणचार, कचेरीच्या खिडकीशी विचारलं तर वेगळं काही. निमंत्रणपत्रिकेत ‘चहापाण्याची व्यवस्था’ हे मी नेहमी बदलून ‘चहापान’ करतो.

मधल्या वेळचं खाणं याला मराठीने स्वतंत्र शब्द केलाच नाही, आणि मला ते आवडतं. ‘तोंडात टाकायला काहीतरी दे’ यात पदार्थ, वेळ, प्रमाण काहीच सांगितलेलं नसतं आणि आईला सगळं कळतं.

आणि नाश्त्याच्या बशीतले पदार्थ? त्यांची नावं तरी आपली आहेत का?

पोहे पक्के आपले. संस्कृत ‘पृथुक’, म्हणजे चपटे केलेले तांदूळ. सुदाम्याने पुरचुंडीतून नेले ते हेच. भागवतात शब्द पृथुकच आहे. मराठीत पोहे नेहमी अनेकवचनी: पोहे केले, पोहे झाले. मेनूकार्डावर ‘पोहा’ दिसला की मी तो निमूटपणे बहुवचनात नेतो. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, इथून इस्रायलला गेले तेव्हा पोहेही बरोबर गेले. शुभकार्यात प्रेषित एलियाहूच्या नावाने ते ‘मलिदा’ करतात, त्यात भिजवलेले पोहे, खोबरं, साखर आणि फळं असतात. ‘मलिदा’ हा शब्द फार्सी, म्हणजे मळलेलं, कुस्करलेलं. इकडे राहिलेल्या मराठीत मलिदा कोण खातं ते वर्तमानपत्रं सांगतातच.

उपमा आणि उप्पीट ही दोन नावं म्हणजे एकच माणूस दोन पासपोर्टांवर. तमिळमध्ये उप्पु म्हणजे मीठ, मावु म्हणजे पीठ: उप्पुमा. कानडीत उप्पु आणि हिट्टु (पीठ): उप्पिट्टु. कानडी मुलखाला लागून असलेल्या सांगली-कोल्हापुराने उप्पीट घेतलं, मुंबईने उडप्यांच्या हॉटेलातून उपमा उचलला. ‘उपमा’ हा अलंकारही आहे, हा विनोद प्रत्येक मराठीच्या शिक्षकाने एकदा केलेला असतो.

शिऱ्याचं नाव फार्सी ‘शीरा’, म्हणजे पाक. सत्यनारायणाचा प्रसाद त्याच्याशिवाय होत नाही. बटाट्याचं नाव पोर्तुगीज, पावाचंही. चहा चीनचा. मिसळ मात्र, नावाप्रमाणेच, मिसळण्यावरून.

मग पत्रिकेत शेवटी छापायचं काय?

वेळ आणि ठिकाण ठळक छापा. खाण्याचा शब्द कुठलाही टाका, लोक येतातच. काना तेवढा राहू द्या.